पगार, मानधन आणि बक्षीस : जव्हार-मोखाड्यातून शेतीशास्त्राच्या कमाईचा इतिहास

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा घाटात रेंज गेली म्हणून अर्ध्यात तुटला, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर. बोलताना जे बोललो तेच आहे, थोडं नीट करून लिहिलंय एवढंच.

आजचा भाग एका फोनमुळे झाला. माझी एक मैत्रीण आहे, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. जव्हारला आम्ही एकाच शाळेत होतो. पुढे मी नाशिकला आलो आणि ती कोकणात बी.एस्सी. अ‍ॅग्री करायला गेली. त्यांच्या पाड्यावरची ती पहिली कृषी पदवीधर. परवा रात्री तिचा फोन आला.

म्हणाली, "ऐक ना, दोन कामं आलीत. एक औषध कंपनीचं, नाशिकच्या बाजूला, द्राक्षवाल्यांना फवारणीचं सांगायचं. पगार बरा आहे, वर पेट्रोल. दुसरं आपल्याच तालुक्यात आहे, पण मानधनावर, तात्पुरतं. काय करू?"

मी म्हटलं, "अगं, घरची आकडेमोड कर आणि ठरव."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "आकडेमोड झाली रे. मला फक्त एक सांग. तू इतिहासाचं वाचतोस. माझं शिक्षण तेच, काम तेच. मग एकीकडे पगार आणि दुसरीकडे मानधन, हे कुठून आलं?"

खरं सांगतो, मला उत्तर येत नव्हतं. म्हणून शोधत बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय. आजचा सगळा भाग तीन शब्दांचा आहे असं समजा : पगार, मानधन आणि बक्षीस. शेती आणि अन्न यांचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना यातला कुठला शब्द वाट्याला येतो, आणि त्याने जव्हार-मोखाड्यात काय फरक पडतो, ते बघू.

राबापासून सुरुवात

आमच्याकडचे ऐकणारे आहेत त्यांना राब सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. भात आणि नाचणीची रोपं जिथे करायची त्या जागेवर पावसाळ्याआधी पालापाचोळा, बारीक फांद्या, शेण, गवत पसरतात, वर थोडी माती टाकतात आणि ते जाळतात. मग पहिल्या पावसावर तिथे बी टाकतात. तण कमी येतं, राख मिळते, रोप जोमदार होतं. उतारावरची पातळ माती आणि चार महिन्यांत कोसळणारा धो धो पाऊस, यावर आमच्या लोकांनी काढलेला हा उपाय आहे.

आता इंग्रजांचं जंगल खातं आलं. त्यांना दिसली ती फक्त तोडलेली फांदी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलाच्या नियमांवरून इतकी कुरबूर झाली की १८८५ मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचं संस्थान होतं, थेट इंग्रजांच्या हाताखाली नव्हतं. पण डोंगर सरहद्द बघत नाही. राब इकडेही होता आणि तिकडेही.

पुढे १८८९ मध्ये सरकारने विलायतेहून एक रसायनशास्त्रज्ञ आणला, जॉन ऑगस्टस व्होल्कर. काम काय, तर हिंदुस्थानातली शेती कशी सुधारायची ते सांगा. साहेब देशभर फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा मोठा अहवाल छापून आला. त्यात राबावरही चर्चा आहे. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना सुधारायला आणलं, त्या शेतकऱ्यांबद्दल साहेबांनी लिहिलं की चांगला हिंदी रयत इंग्लंडमधल्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत तर वरचढ आहे.

आता बघा हं. राब करणारी बाई, राब करणारा बाप्या, यांच्याकडे ज्ञान होतं. साहेबांनी ते ज्ञान तपासलं. तपासणाऱ्याला सरकारी मोबदला मिळाला. ज्यांचं तपासलं त्यांना प्रशंसा मिळाली, आणि जंगल खात्याचा जाचही चालूच राहिला. मी व्होल्करसाहेबांना दोष देत नाहीये, उलट त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. मी फक्त दाखवतोय की शेतीचं ज्ञान आणि शेतीच्या ज्ञानाची कमाई या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या घरांत राहायला गेल्या.

साहेबाची श्रेणी

मग पगारी शेतीशास्त्रज्ञ हा प्रकार वाढू लागला. १९०५ मध्ये बिहारात पुसा इथे मोठी संशोधन संस्था निघाली. १९०६ मध्ये इंपीरियल अ‍ॅग्रिकल्चरल सर्व्हिस आली. वरच्या जागा बहुतेक विलायतेहून भरायच्या, आणि खालच्या प्रांतिक सेवेत इकडची माणसं. प्रयोगशाळा एक, शेत एक, पण श्रेणी दोन.

पुण्याचं कृषी महाविद्यालय याच काळात स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तिथले प्राचार्य हॅरोल्ड मान यांचं नाव लक्षात ठेवा. हा माणूस मूळचा रसायनशास्त्रज्ञ. पण पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला जाऊन त्यांनी घराघरातली जमीन, कर्ज, उत्पन्न मोजलं. जिथे आज आयटीवाल्यांचे टॉवर आहेत ना, तेच पिंपळे सौदागर. त्यांचा निष्कर्ष असा की नुसतं बियाणं आणि खत बदलून गाव सुधारत नाही, कारण घरं कर्जात रुतलेली आहेत. शेतीशास्त्रज्ञाने शेतकऱ्याचा हिशेब लिहिला, अशी ही सुरुवातीची उदाहरणं.

१९२४ मध्ये ली आयोगाने सांगितलं की शेतीसारख्या खात्यांमध्ये विलायतेहून थेट भरती आता थांबवा. १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची, पूर्वज संस्था निघाली. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला. पण साहेबाची उतरंड काही लगेच गेली नाही.

दिल्ली, मे १९७२

हा भाग बोलताना मी जरा थांबलो होतो, तुम्हाला ऐकताना जाणवलं असेल.

मे १९७२. हरितक्रांतीचं कौतुक जगभर चाललंय. आणि त्याच वेळी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. विनोद शहा नावाच्या कृषिविद्या शास्त्रज्ञाने आपलं आयुष्य संपवलं. मागे चिठ्ठी होती. बढती आणि निवडीत होणाऱ्या अन्यायाबद्दल तिच्यात तक्रार होती. संशोधनाचे आकडे वरच्यांच्या मताला जुळतील असे पुढे जातात, अशीही तक्रार होती. संसदेपर्यंत गदारोळ झाला.

त्या वेळची पद्धत समजून घ्या, म्हणजे त्यामागची घुसमट कळेल. शास्त्रज्ञाचा पगार जागेला बांधलेला होता. वरची जागा रिकामी झाली तरच तुम्ही वर. तुम्ही दहा वर्षं एका पिकावर मन लावून काम केलंत आणि वर जागाच निघाली नाही, तर तिथेच राहा. किंवा ज्या विषयात जागा निघेल तिकडे उडी मारा. किंवा संशोधन सोडून प्रशासनाची खुर्ची धरा. म्हणजे चांगला शास्त्रज्ञ व्हायचं तर पगार सोडा, आणि पगार हवा तर चांगला शास्त्रज्ञ होणं सोडा.

सरकारने चौकशीला समिती नेमली. अध्यक्ष कोण? आपले साताऱ्याचे पी. बी. गजेंद्रगडकर. देशाचे माजी सरन्यायाधीश. कामगार कायद्यातला मोठा माणूस, पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचेही तेच अध्यक्ष होते. मला यात मोठी गंमत वाटते. आयुष्यभर गिरणीकामगार, बँक कर्मचारी यांच्या वेतनाचे आणि बोनसचे तंटे ज्यांनी सोडवले, त्यांच्यासमोर आता शास्त्रज्ञ येऊन बसले. पांढरा कोट घातला तरी नोकरी ती नोकरीच, हे यातून सगळ्यांना कळलं.

त्यानंतर घरच बदललं. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांच्या भरतीसाठी वेगळं मंडळ आलं. आणि १ ऑक्टोबर १९७५ पासून कृषी संशोधन सेवा लागू झाली, जिला एआरएस म्हणतात. तिचं मुख्य तत्त्व असं : श्रेणी जागेला नाही, माणसाला. ठरावीक वर्षांनी तुमच्या कामाचं मूल्यमापन होईल. काम चांगलं असेल तर वरची जागा रिकामी असो नसो, तुम्ही आहात तिथेच, तुमच्याच विषयात, वरच्या श्रेणीत जाल. तेव्हाची एस-१ श्रेणी होती ७०० ते १,३०० रुपये. पुढे १९८६ पासून विद्यापीठातल्या प्राध्यापकांसारख्या श्रेणी आल्या, सुरुवात २,२००. आज सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत सहायक प्राध्यापकालाही तीच सुरुवात.

म्हणजे एका माणसाचा जीव गेल्यावर का होईना, शास्त्रज्ञाच्या पगाराला न्याय मिळाला. हे लहान काम नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. ते मला तारखांमध्ये सापडलं.

१ ऑक्टोबर १९७५ ला कृषी संशोधन सेवा सुरू झाली. आणि दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधी जयंतीला, एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. म्हणजे आपली अंगणवाडी.

एका दिवसाचं अंतर. विषयही एकमेकांना लागून. पहिली सेवा अन्न कसं पिकवायचं त्याची. दुसरी ते अन्न लहान लेकरांच्या आणि गरोदर बायांच्या पोटात कसं जाईल त्याची. अंगणवाडीताई मुलांची वजनं करते, वाढीचा तक्ता भरते, कोणतं मूल घसरतंय ते सगळ्यात आधी ओळखते, काय खायला द्यायचं ते आईला सांगते. फील्डवरचं अन्नशास्त्र म्हणजे दुसरं काय असतं?

पण पहिल्या सेवेला वेतन होतं, दुसरीला मानधन. सुरुवातीला अंगणवाडी सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक असेल तर १५०. आणि 'मानधन' हा शब्द चुकून पडलेला नव्हता. त्याचा अर्थ असा की तुम्ही नोकर नाही, स्वयंसेवक आहात. वेतनाला वाढ असते, रजा असते, निवृत्ती असते, दाद मागायला जागा असते. मानधनाला मान असतो. आणि नुसत्या मानावर किराणा येत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या आयांना माहीत आहे.

यावर पुढे अनेक वर्षं भांडण चाललं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सेविकेचं पद हे सरकारी नागरी पद नाही. २०१८ मध्ये केंद्राने मानधन ३,००० वरून ४,५०० केलं, राज्य त्यात आपली भर घालतं. मग २५ एप्रिल २०२२ ला गुजरातच्या दाहोद या आदिवासी जिल्ह्यातल्या सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. सत्तेचाळीस वर्षांनी! आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविका बेमुदत संपावर गेल्या, ते तर तुम्ही सगळ्यांनी रील्सवर पाहिलंच.

आता आमच्या डोंगरावर या

१९९२-९३. जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी. तुमच्यातल्या अनेकांचा जन्मही झाला नसेल. पण आमच्या घरांत हे नाव आजही हळू आवाजात घेतात. तिथे कुपोषणाने आणि आजाराने मुलं गेली. एकामागून एक गेली. मुंबईहून पत्रकार आले, मंत्री आले, जीपा आल्या. जव्हार-मोखाडा आणि कुपोषण हे शब्द तेव्हापासून बातम्यांत जोडीनेच फिरतायत.

आणि आता विरोधाभास बघा. याच डोंगरावर नाचणी पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कधीच मोजून ठेवलंय. याच डोंगरावर वरई पिकते. तुमच्या घरी एकादशीला भगर होते ना, ती आमच्या उतारांवरची. शहराच्या उपासाचं धान्य पिकवणाऱ्याच्या घरात उपास बारा महिने, अशी ही गोष्ट आहे.

मग ज्ञानाची कमी होती का? शास्त्र होतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून होतं, त्यांनी नाचणीचे सुधारित वाण काढले. कर्जतचं भात संशोधन केंद्र तर त्याहून कितीतरी जुनं. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, देशातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. तेच कोसबाड, जिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली.

पण कृषी विज्ञान केंद्राचा हिशेब समजून घ्या. एका केंद्राला मंजूर माणसं साधारण सोळा. त्यात एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ. बाकी सहायक, चालक, कार्यालय. एवढ्या माणसांवर जिल्हा. पालघर जिल्ह्यात एका टोकाला समुद्र, मासे, चिकू, आणि दुसऱ्या टोकाला सूर्यमाळचा डोंगर, नाचणी, वरई. सहा जणांनी कुठे कुठे पोचायचं?

इथे मला गजेंद्रगडकर समितीनंतरच्या त्या सुंदर सुधारणेची दुसरी बाजू दिसते. हे माझं मत आहे, तुम्ही खोडून काढा. पगार जागेवरून सोडवून माणसाला बांधला, ते शास्त्रज्ञासाठी योग्यच झालं. पण मग अवघड जागेचं काय? जिथे रस्ता खराब, दवाखाना लांब, मुलांची शाळा कमी, तिथे राहण्याबद्दल शास्त्रज्ञाच्या श्रेणीत वेगळं काही मिळत नाही. शोधनिबंध मोजले जातात. मोखाड्याच्या पाड्यावर किती पावसाळे काढले ते सहसा मोजलं जात नाही.

राज्य सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. ६ ऑगस्ट २००२ चा एक शासन निर्णय आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला तिथे असेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी द्यायची. एकस्तर म्हणतात तिला. तुमच्या ओळखीत कुणी जव्हारला गुरुजी किंवा ग्रामसेवक असेल तर विचारा, एकस्तर म्हटलं की ते लगेच सावरून बसतील. कल्पना चांगली. पण एकस्तर कुणाला? ज्याच्याकडे मुळात श्रेणी आहे त्याला. मानधनावरच्या माणसाला एक पायरी वर चढवणार कशी? त्याला जिनाच नाही.

कृषी सेवक, कृषी सहायक

शेतीखात्याचा बांधावर येणारा माणूस म्हणजे कृषी सहायक. २०२५ पासून त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय. पण या पदावर थेट जाता येत नाही. आधी कृषी सेवक म्हणून तीन वर्षं काढायची, मानधनावर. हे मानधन कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपये होतं. २०२३ मध्ये ते १६,००० झालं. सहा हजारांत मोखाड्यात खोली, जेवण आणि वर मोटारसायकलचं पेट्रोल! माझ्या ओळखीचा एक दादा म्हणायचा, "मी शेतकऱ्याला सल्ला देतो आणि तो मला भाजी देतो, म्हणून जमतं."

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे पेसा क्षेत्र. ९ जून २०१४ ला राज्यपालांनी अधिसूचना काढली : अशा भागातली काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतूनच भरायची. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, आणि त्यात कृषी सहायकही. विचार सरळ होता. जो इथलाच आहे, ज्याला वारली, क ठाकूर, कातकरी, कोकणा लोकांशी त्यांच्या बोलीत बोलता येतं, ज्याचं घरच इथे आहे, तो बदली मागून पळणार नाही. अवघड जागेचा प्रश्न सोडवायचा हा दुसरा रस्ता. पगाराने माणूस टिकत नसेल तर टिकणारा माणूस पगारावर घ्या.

माझ्या मैत्रिणीने याच आशेवर अ‍ॅग्रीला प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षी 'रावे' असतं ना, गावात राहून काम करायचं, तेव्हा ती मला सांगायची की बाकीची मुलं शेतकऱ्याशी काय बोलायचं ते वहीत लिहून नेतात, मला वही लागत नाही.

पण २२ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित क्षेत्रातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्या निकालाची सावली आपल्याकडच्या पेसा भरतीवरही पडली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि परीक्षा दिलेली मुलं थांबून राहिली. नाशिकला आंदोलनं झाली. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच काही आमदारांसोबत मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या. ते व्हिडिओ बघून आपण हसलो असू. पण जाळीच्या खाली कोण होतं? माझ्या मैत्रिणीसारखी हजारो मुलं.

त्यानंतर मार्ग निघाला. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत या उमेदवारांना तात्पुरतं घ्यायचं ठरलं. कशावर? मानधनावर.

बघा, शब्द फिरून फिरून कुठे आला. १९७५ मध्ये अंगणवाडीताईला दिलेला शब्द, पन्नास वर्षांनी तिच्या पदवीधर लेकीला.

आणि बक्षीस

तिसरा शब्द राहिला. हा सगळ्यात जुन्या शास्त्रज्ञांसाठी आहे.

माझी आजी नाचणीचं बी निवडायची. कापणीच्या आधी रानात उभ्या पिकातच कणसं हेरून ठेवायची. घट्ट मुठीची, न लोळलेली. ती वेगळी तोडायची, वेगळी वाळवायची, राखेत मिसळून ठेवायची. उशिरा पाऊस आला तर हे बी, लवकर आला तर ते. विद्यापीठात याला वाण निवड म्हणतात आणि त्यावर पीएच.डी. होते. आजीला कुणी काही दिलं नाही आणि तिने कधी मागितलंही नाही.

बाएफ या संस्थेने जव्हार भागात भात, नाचणी, वरईच्या स्थानिक वाणांचं गावकऱ्यांसोबत जतन केलंय, गावांत बीज बँका केल्यात. कायदाही आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं. जुनी वाणं सांभाळणाऱ्या गावसमूहाला १० लाखांचा पुरस्कार आहे, एकट्या शेतकऱ्यालाही दीड लाखापर्यंत आहे. अकोल्याच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली. याचा आनंदच आहे.

पण बक्षीस एकदा मिळतं, एखाद्याला मिळतं. चंद्रपूरच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. जेमतेम शिकलेला, थोडक्या जमिनीचा शेतकरी. १९८३ मध्ये शेतात वेगळ्या दिसलेल्या भाताच्या लोंब्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं निवड करत राहिले, आणि एचएमटी तांदूळ जन्माला आला. घड्याळावर नाव होतं एचएमटी, तेच भाताला पडलं. आज किराणा दुकानात तुम्ही ते नाव रोज वाचता. दादाजींच्या भिंतीवर सन्मानपत्रं लागली. ३ जून २०१८ ला ते गेले, तेव्हा उपचारांचा खर्च झेपत नव्हता. त्यांच्या नावाला बक्षीस होतं, पण महिन्याच्या एक तारखेला येणारं काही नव्हतं.

म्हणजे उतरंड अशी झाली. ज्ञान कागदावर आणणाऱ्याला पगार. ज्ञान दारोदार नेणाऱ्याला मानधन. आणि ज्ञान जिने मुळात जपलं तिला, नशीब असेल तर, बक्षीस.

मग मैत्रिणीला काय सांगितलं?

मी तिला हे सगळं फोनवर सांगितलं. चाळीस मिनिटं. मध्ये दोनदा रेंज गेली.

मी म्हटलं, विनोद शहांच्या वेळीही लोक म्हणत होते की शास्त्र म्हणजे सेवा, पगाराचं काय घेऊन बसलात. गजेंद्रगडकर समितीनंतर निदान हे मान्य झालं की पगाराचा प्रश्न सोडवल्याशिवाय शास्त्र नीट होत नाही. घाबरलेला शास्त्रज्ञ खरा आकडा लिहीत नाही. मग जिचं काम पुढच्या महिन्यात आहे की नाही ते माहीत नाही, ती अंगणवाडीताई किंवा तो कृषी सेवक, खरा आकडा बिनधास्त वर कळवेल ही अपेक्षा आपण कशी करतो? वजनाच्या काट्यावरचा तो आकडा म्हणजे एका लेकराचा जीव असतो. वावर-वांगणी विसरून चालणार नाही.

ती म्हणाली, "म्हणजे मी मानधनावरचं घेऊ नको म्हणतोस?"

मी म्हटलं, "नाही. मी म्हणतोय की कंपनीत गेलीस तर अपराधी वाटून घेऊ नको. आणि इथे राहिलीस तर त्याग केला असं कुणाला म्हणू देऊ नको. त्याग म्हटलं की पगार द्यावा लागत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "आजी आज वरई कांडत होती. मी म्हटलं, मशिनवर देऊ. तर म्हणते, मशिनवाला कणी फार करतो, तू शिकलीस ना, मग वरई न मोडणारं मशिन आण."

तिने अजून ठरवलेलं नाही. या आठवड्यात सांगायचंय. ठरलं की पुढच्या भागात सांगेन, तिने परवानगी दिली तर.

तुमच्या घरात, तुमच्या गावात असा कुणी आहे का? कृषी सेवक, अंगणवाडीताई, केव्हीकेतला दादा, बी जपणारी आजी? त्यांना आज एकच प्रश्न विचारा : तुमच्या कामाला कुठला शब्द आहे, पगार, मानधन की बक्षीस? उत्तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. नावं घेणार नाही. पण पुढच्या एका भागात ते आवाज एकापाठोपाठ एक लावायचेत.

तोवर काळजी घ्या. आणि एकादशीला भगर खाल तेव्हा जरा आमच्या डोंगराची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात.